पाणी न लागलेलं चित्र

हळर्ण, पेडणे
११ जानेवारी १९८७

देवकीआत्या,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली. पेटीतल्या दहाव्या चित्राला पाणी लागलेलं नाही, कुंकवाचा डागही नाही, तेव्हा ते चिताऱ्यानं सरावासाठी काढलं असावं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तू मला सोप्यावर बसवून अक्षरं शिकवलीस तेव्हा सांगायचीस, चुकलेलं खोडायचं नाही, त्याच्याखाली रेघ ओढून बरोबर लिहायचं. म्हणून ते वाक्य तसंच ठेवून हे लिहिते.

मी सराव म्हटलं ते ऐकून आई हसली. ती बोलली तसंच लिहिते. "गणपतीचो सराव कोण करता गे? एक उपास, एक कागद, एकच चित्र. बिघडला तर त्या वर्सा घरात चवथ नाय."

आपल्याकडे मातीचा गणपती नसतो, कागदावर काढलेला असतो, हे मला लहानपणापासून इतकं ठाऊक आहे की त्याचा मी विचारच केला नव्हता. पूजा झाली की चित्राचा खालचा काठ तळीच्या पाण्यात बोटभर बुडवायचा, चित्र घरी आणून वाळवायचं आणि पेटीत ठेवायचं. पांडुरंग आजोबांच्या वेळची दहा चित्रं त्या पेटीत आहेत. त्यानंतर आपण म्हापशाहून आणलेली छापील तसबीर पुजतो. नऊ चित्रांचे काठ पाण्यानं फुगलेले आहेत, सोंडेवर कुंकू आहे, एकावर तर उदबत्तीनं पडलेलं भोक आहे. दहावं कोरं आहे. म्हणजे ते काढून झालं, आणि पुजलं गेलं नाही.

काढलेला गणपती पूजेविना राहतो तो एकाच कारणानं. घरात सुतक असलं तर.

हे कळल्यावर मला झोप आली नाही. मी आईला विचारलं, त्या वर्षी पणजी वारली का? आई म्हणाली, पणजीचं श्राद्ध माघात येतं. घरातली सगळी श्राद्धं तीच रांधते. श्रावणाच्या शेवटी किंवा भाद्रपदाच्या तोंडावर आपल्या घरात एकही श्राद्ध नाही. मग सुतक कोणाचं होतं? ज्याचं सुतक धरलं त्याचं श्राद्ध का घालत नाहीत?

तू विचारशील, तुला एवढं काय पडलंय. पावसाळ्यानंतर पणजी शहरात प्रत्येक तालुक्यातली जुनी चित्रं मांडणार आहेत. आपली चित्रं त्यांनी मागितली आहेत. प्रत्येक चित्राखाली लावायच्या पट्ट्या त्यांनी पाठवल्या, त्यात चित्रकाराचं नाव लिहायचं आहे. काका म्हणाले, "अज्ञात म्हणून लिही. सावंतवाडीचो कोण तरी चितारी." मी पेन्सिल घेऊन बसले आणि हात चालेना. आपण ज्याच्यापुढे डोकं टेकतो तो कोणाच्या हातचा आहे हे ठाऊक नाही असं लिहायचं, तर निदान ते खरोखर ठाऊक नसायला हवं.

तुझं कार्ड मिळालं. "चित्रं पेटीत ठेव. पेटी बंद कर." एवढंच. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात हे. माझ्या कपाळाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं पाडली होती तेव्हा म्हापशाहून येताना आमच्या बसवर दगड आला. काच लागली. जखम भरली आहे. दगड मराठीवाल्यांचा की कोंकणीवाल्यांचा, यावर बसमध्ये दोघे जण एकमेकांचे गळे धरून भांडले, आणि मी पदर कपाळाला लावून मध्ये बसले होते.

हर्षा


हळर्ण
१० फेब्रुवारी १९८७

आत्या,

पेटी बंद केली नाही.

दहावं चित्र मी जनेलाशी, खिडकीच्या उजेडात धरलं. प्रत्येक चित्रात गणपतीच्या पायाशी घरातले मुलगे हात जोडून उभे आहेत. मोठे काका, धाकटे माझे बाबा, जे आज नाहीत. दर वर्षी दोघे थोडे थोडे वाढत जातात. चौथ्या चित्रात काकांना मिसरूड फुटते. आपल्या काकांनाही कोणीतरी इतक्या मायेनं पाहिलं होतं, हे मला त्या चित्रांतून कळलं. दहाव्या चित्रात दोघे आहेतच, पण काकांच्या पुढे, देवाच्या पायाला अगदी लागून, कागद खरवडलेला आहे. पात्यानं खरवडला आहे. तिथून ऊन आरपार येतं. खरवडलेल्या जागेच्या वर केसांची एक रेघ तेवढी राहिली आहे, आणि ती काकांच्या डोक्याहून उंच आहे.

काकांपेक्षा मोठा मुलगा आपल्या घरात कोण होता?

मी गंगाबायकडे गेले. तुझी मैत्रीण होती ना ती? आपल्या काजूच्या बागेखाली, आपल्याच भाटातल्या जमिनीवर, तिची खोप अजून आहे. काका तिथे कोणाला जाऊ देत नाहीत, म्हणून कोकमं आणायला जाते असं सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा नारायण, चिऱ्यांनी भरलेला ट्रक घेऊन आलेला, अंगणात चाक बदलत होता. तो एरवी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवतो.

मी विचारलं, "गंगाबाय, आमचे कागदाचे गणपती कोणी काढले?"

सूप थांबलं. "माका कित्याक विचारता? तुज्या काकाक विचार."

नारायण चाकामागून हसला. "आये, सांग गे तिका. भाटकारांची चली इतकी लांब चलत आयल्या." मग उठून हात पुसत माझ्याकडे आला. "माज्या बापायन काडले. धाकून. आनी कोण काडटलो? तुमच्या घरात काडूक येता कोणाक? तुमकां मारूक येता."

गंगाबायनं त्याच्या तोंडावर हात दाबला. चाळिशीला आलेला पुरुष, आणि तिनं लहान पोरासारखं त्याचं तोंड धरलं. मला म्हणाली, "माजो घोव न्हंयत व्हावलो. नारायण पोटात होतो. इतकेंच. आता घरा वच."

पण उठताना मी तिचा मसाल्याचा दगड पाहिला. मिरची वाटून वाटून तो लाल झाला आहे, आणि मधल्या खळग्यात, जिथे वरवंटा पोचत नाही, तिथे निळा रंग आहे. आपल्या गणपतीच्या पीतांबराच्या काठाला आहे तोच निळा.

मी नारायणला म्हणाले, मी नाव लिहिते. तो म्हणाला, "बरय. पूण माज्या बापायचें नांव बरयतलीस जाल्यार, तेच्या बापायचेंय बरय." बापाच्या बापाचंही नाव लिहायला सांगून तो मला चिडवत होता. पण त्याचे डोळे हसत नव्हते, आणि त्याचं कपाळ आजोबांच्या फोटोतल्या कपाळासारखं आहे, हे मी तेव्हा पाहिलं. एकदा पाहिल्यावर ते नाहीसं होईना.

काकांना कोणी सांगितलं ठाऊक नाही. विधानसभेत कोंकणी राजभाषेचा कायदा झाल्यापासून ते घरात रोज काहीतरी फोडत होतेच. मी ओट्यावर होते. त्यांनी अंगठी घातलेल्या हातानं तोंडावर मारलं, ओठ फुटला. मग शांतपणे म्हणाले, "नांव लिवन दाखय. त्या खोपीक उजो लागूक वेळ लागना. आनी भितर कोण आसा तें हांव पळोवचो ना."

आता मला सांग. मी नाव लिहिलं तर खोप जळते. नाही लिहिलं तर धाकू दुसऱ्यांदा नाहीसा होतो, आणि या वेळी माझ्या हातानं. दोन्हींच्या मध्ये मी उभी आहे, आणि तुझ्याशिवाय विचारायला मला कोणी नाही.

हर्षा


हळर्ण
२२ मार्च १९८७

आत्या,

नारायणला मारलं. तुला कळलं असेल, तुझ्या आमोण्याहून डिचोली लांब नाही. तरी मला ठाऊक आहे तेवढं लिहिते.

शिगम्याचे दिवस. ढोल चालू होते. त्यानं रस्त्याच्या कडेला ट्रक लावला होता. गुलाल माखलेले चौघेपाच जण आले, त्याला वाटलं पोस्त, शिगम्याचे पैसे, मागायला आले. त्यांनी त्याला ओढून खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. मग दोघांनी धरलं, एकानं त्याचा उजवा हात ट्रकच्या मागच्या फाळक्यावर ठेवला, आणि जॅकच्या लोखंडी दांड्यानं बोटं ठेचली. एक एक करून. गंगाबाय म्हणते, तो ओरडत होता, आणि ढोल वाजवणाऱ्यांना वाटलं हाही खेळातच आहे. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. उरलेली वळतील की नाही सांगता येत नाही. गावात म्हणतात, भाषेवरून झालं असेल. यंदा सगळंच भाषेवरून झालं म्हणतात.

दुपारी जेवायला बसलो होतो. आईनं नारायणचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. काकांनीच काढलं. भात कालवता कालवता म्हणाले, "हात गेलो म्हणतात. त्या घराण्याक हाताचें सूख ना."

मी जेवायचं थांबले. गंगाबाय सांगते, धाकू नदीत वाहून गेला. आई सांगते, वाहून गेला. सगळा गाव तेच सांगतो. त्याच्या हाताबद्दल मला आजवर कोणीही बोललेलं नाही.

मी म्हणाले, "काका, धाकूच्या हाताला काय झालं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग ताट उचलून माझ्यावर फेकलं. मी वाकले म्हणून ते मागच्या दारावर आदळलं. काका उठून गेले. आई खाली बसून भाताची शितं वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, "तुजी आत्या विहिरीर पडूक नाय. तिणें चवथीक नारायणाक पंगतीत बसय म्हणून सांगलें, आनी तुज्या काकान पाट घेवन तिच्या कानार मारलो. तो कान गेलो. दुसऱ्या दिसा ती गेली."

तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू शेवाळावरून घसरलीस असं मला सांगितलं होतं. कितीतरी दिवस मी विहिरीकडे जाताना शेवाळ पाहत जात असे.

आत्या, मी थांबू का? माझ्या प्रश्नांनी एका माणसाची बोटं गेली. तू सांगितलंस तर थांबते, पट्टीवर अज्ञात लिहिते आणि पेटीला कुलूप लावते. पण सांगताना कारणही सांग. तू मला कधीच नुसतं "नको" शिकवलं नाहीस.

हर्षा


हळर्ण
७ जून १९८७

आत्या,

डिचोलीला नारायणच्या खोलीत तू त्याला पेज भरवत बसलेली दिसशील असं मला वाटलं नव्हतं. तू किती वर्षं त्यांच्याकडे येत-जात होतीस! मला वाटायचं तू आम्हा सगळ्यांना सोडून गेलीस. तू फक्त आमची बाजू सोडली होतीस.

तू सांगितलंस ते मी इथे लिहून काढते. तू वाच, आणि कुठे चुकलं असेल तर त्याखाली रेघ ओढून लिही. मला हे चुकीचं लिहून चालणार नाही.

धाकू हा आजोबांचा थोरला मुलगा. त्याची आई आपल्या घरात कामाला होती. तो मांगरात, घराबाहेरच्या खोपटात, वाढला, मांगरातच चित्रं काढायला लागला, आणि आजोबांनी त्याला घरातला गणपती काढायला दिला. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नसे. नऊ वर्षं त्यानं आपल्या दोन भावांना देवाच्या पायाशी उभं केलं. दहाव्या वर्षी, शके अठराशे बहात्तर, म्हणजे १९५० साली, आजोबा मांगरात जाऊन म्हणाले, "ह्या वर्सा तूंय उबो राव." हे तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस. तू तेरा वर्षांची होतीस, त्याला बेलाची पानं नेऊन दिली होतीस.

त्यानं स्वतःला काढलं. थोरला होता म्हणून थोरल्याच्या जागी.

श्रावण वद्य त्रयोदशी, दुपार. चित्र मांगराच्या भिंतीला वाळत होतं. काका नारळ सोलून आले, हातात कोयता तसाच होता. त्यांनी चित्र पाहिलं. विचारलं, "हो कोण?" धाकू म्हणाला, "बाबांक विचार." काका म्हणाले, "हात दाखय. कसल्या हातान काडलो पळोवंया." आणि धाकूनं, आत्या, हात पुढे केला. त्याला वाटलं भाऊ रंग पाहतोय.

पहिला घाव मनगटावर. तो खाली बसला, तेव्हा दुसरा मानेवर. तू दारात होतीस. तुझ्या पोलक्यावर रक्त उडालं. आणखी किती घाव घातले ते तुला आठवत नाही असं तू म्हणालीस. मी तिथे जागा कोरी सोडते, अंदाजानं भरत नाही. काका थांबले ते दमले म्हणून. मग आजोबा आले. ते ओरडले नाहीत, काकांना मारलंही नाही. दार लावून घेतलं. गड्याला न बोलावता दोघा बापलेकांनी त्याला घोंगडीत गुंडाळून नदीवर नेलं. शापोऱ्याला पूर होता. रेजेदोर, पोर्तुगीज सरकारचा गावातला अधिकारी, दुसऱ्या दिवशी आला, ओट्यावर बसून चहा प्याला, आणि बुडून मेला असं लिहून गेला.

आजोबांनी मांगराची जमीन स्वतः शेणानं सारवली. मग चित्र खाली काढलं. थोरल्याच्या जागी उभा असलेला माणूस त्यांनी वस्तऱ्यानं खरवडला, आणि कागद फाटू नये म्हणून दोन्ही कोपरे ताणून धरायला तुला बसवलं. चुकलेलं खोडायचं नाही, हा तुझा नियम कुठून आला ते मी तुला कधी विचारलं नव्हतं.

आणि मग ओट्यावर येऊन ते म्हणाले, "औंदा चवथ ना. सुतक आसा."

तू विचारलंस, "कोणाचें?"

ते म्हणाले, "आनीक एकदां विचारलें जाल्यार तुजें पाळटलों."

मी हे परत परत वाचते. रेजेदोराला फसवायला त्यांना काही वाटलं नाही. मुलाला नदीत टाकायला वाटलं नाही. पण सुतकात देव पुजायचा, एवढं धाडस त्यांच्याच्यानं झालं नाही. ते सुतक धरलं नसतं तर आज आपल्याकडे काहीच नसतं. रक्ताचं नातं नसेल त्याचं सुतक कोण धरतो? धाकू आपला होता हे आजोबांनी आयुष्यात एकदाच कबूल केलं, तेही फक्त देवाजवळ. नंतर श्राद्ध घातलं नाही, कारण श्राद्धात नाव मोठ्यानं घ्यावं लागतं.

पेडण्याला एका वकिलाला मी दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून विचारलं, आता खटला होतो का. तो म्हणाला, "बाई, ज्या राज्यात झालं ते राज्यच गेलं, आता तर आपलं घटकराज्य झालं." तीस मेला गावात फटाके वाजले. काकांनी पेढे वाटले. माझ्याही हातावर एक ठेवला. मी तो खाल्ला, आत्या. नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

दहावं चित्र तुझ्याकडे ठेवून आले ते बरं झालं. तू म्हणाली होतीस पेटीत ठेव. आता तू ठेवू नकोस. भिंतीला लाव.

हर्षा


हळर्ण
१४ ऑगस्ट १९८७

आत्या,

आईच्या हाताची दोन पेरं गेली आहेत. जखम चिघळलेली नाही, ताप उतरला आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

मंगळवारी सकाळी मी काकांना सांगितलं. मागच्या दारी, आई समोर असताना, उजेडात. मी सांगितलं, पट्टीवर मी धाकूचं नाव लिहिणार आहे, आणि त्याच्या बापाचंही. त्याला कोणी मारलं ते पट्टीवर लिहायची जागा नाही, म्हणून लिहिणार नाही.  काका आत जाऊन पेटी घेऊन आले. नऊ चित्रं लाकडं फोडायच्या ओंडक्यावर ठेवली, आणि कोयता घेतला.

मी पुढे होण्याआधी आई पुढे झाली. माझी आई. या घरात आल्यापासून जिनं त्यांच्यापुढे मान वर केली नाही. तिनं चित्रांवर हात पसरून ठेवला आणि म्हणाली, "आदीं हो तोडात. तुमकां हातांचीच सवय आसा."

मला वाटलं ते थांबतील. ते थांबले नाहीत. आईनं शेवटच्या क्षणी हात ओढला नसता तर मनगट गेलं असतं. पेरं ओंडक्यावर राहिली. रक्त पहिल्या चित्रावर पडलं, गणपतीच्या मांडीवर, कुंकवाच्या जुन्या डागाशेजारी. काकांनी त्याकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना मांगर दिसला असावा. मग त्यांनी सगळी चित्रं चुलीत घातली, एक एक करून, आणि जळेपर्यंत तिथेच बसले. मी आईचा हात लुगड्यात बांधत होते. ती मला सांगत होती, "रडू नको. बांद. घट्ट बांद."

नऊ गेली. आता एकच उरलं आहे, ज्याला पाणी लागलं नाही ते. पणजीच्या प्रदर्शनाला मी कळवलं की एकच येईल.

पण पट्टी आता पुरणार नाही असं मला वाटतं. पट्टी पणजीत लागेल, चार लोक वाचतील, काका म्हणतील पोरीनं काहीही लिहिलं. कागदावरचं नाव खरवडता येतं, हे आपल्या घराला चांगलं ठाऊक आहे. आईनंच मला पुढचं सुचवलं, हात गळ्यात बांधून चुलीपुढे बसलेली असताना. "श्राद्ध घालूक लावात. तेचें राहिलां."

मी नारायणला विचारलं. त्याला मी म्हणाले, तू नको म्हणालास तर मी एक शब्द पुढे बोलणार नाही. तुझी बोटं माझ्यामुळे गेली. तो म्हणाला, "तुज्याक लागून? तूं खूब व्हड जालीस गे! माजीं बोटां तुज्या काकान घेतलीं. तेचेंय नांव तुका तुजें करूंक जाय?" गंगाबाय पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली. मग तो म्हणाला, आजवर भटजी मला काश्यप गोत्र सांगत आले, बापाचं गोत्र ठाऊक नसलं की तेच देतात. या खेपेला खरं सांगूया.

तर असं ठरलं आहे. श्राद्ध आपल्या तळीच्या पायऱ्यांवर घालायचं. घरात नाही, काकांनी आत येऊ दिलं नसतं. आणि तळी काही त्यांच्या एकट्याची नाही, वाड्यावरचे सगळे तिथे पाण्याला येतात. तिथे नारायण तीन नावं घेईल. बाप धाकू, आजा पांडुरंग, पणजा बाबली. गोत्र वत्स, जे आपलं आहे. वाड्यावरच्या बायका घागरी घेऊन उभ्या असतील आणि ऐकतील. ऐकलेलं त्यांच्या कानांतून कोणी खरवडून काढू शकत नाही. त्यानंतरच मी पट्टी लिहीन, कारण मग ते फक्त माझं म्हणणं राहणार नाही.

इथला भटजी यायला तयार नाही. आमोण्याचा तू आणशील असं तू म्हणाली होतीस. त्याला आधीच सगळं सांग, फसवून आणू नकोस. दर्भाची अंगठी उजव्या हातात घालावी लागते, आणि नारायणची बोटं वळत नाहीत. मी त्याच्या हाताखाली माझा हात धरीन. चालत नसेल तर भटजींना आत्ताच विचारून कळव. आई पिंडाचा भात शिजवणार आहे, डाव्या हातानं.

चित्र आण. त्याची पूजा त्या दिवशी होणार नाही, ती चवथीची. पण ज्यानं काढलं त्याचं नाव घेतलं जाताना ते समोर असावं.

काका तळीवर येतील. त्यांना मी स्वतः सांगितलं आहे, चोरून करायचं नाही म्हणून. ते म्हणाले, "पायऱ्यार पाय दवरलो जाल्यार तोय व्हावतलो." धाकूसारखा नारायणही वाहून जाईल म्हणे; कोयता घेऊन येतील असं मी धरून चालते. मला भीती वाटते. पत्र लिहितानाही दोनदा उठून दाराची कडी पाहून आले. धाकू एकटा होता, मागाहून दार लावून घेतलं, आणि पाहणारी एक तेरा वर्षांची मुलगी होती. या वेळी दार नसेल. नारायणच्या एका बाजूला मी असेन, दुसऱ्या बाजूला आई. मागच्या पायरीवर तू उभी राहा, तुझा चांगला कान आमच्या बाजूला करून, म्हणजे एकही नाव तुला चुकणार नाही.

यात काही चुकलं असेल तर कळव. दिवस मात्र मी पंचांगात पुन्हा पुन्हा पाहिला आहे, तो चुकलेला नाही: श्रावण वद्य त्रयोदशी, शनिवार, २२ ऑगस्ट १९८७.

हर्षा